मान्नाचे माप : देहाच्या पोषणाविषयी एक पाठ

शास्त्रपाठ : निर्गम १६:१३-२१, १ राजे १९:१-८, मार्क ५:३५-४३, १ करिंथ ११:१७-३४



आमच्या परिचयाच्या एका खेड्यातील मंडळीत रविवारची उपासना चालू असता एक मुलगी उभ्या-उभ्या प्रार्थनेत खाली कोसळली. वय वीस-एकवीस वर्षांचे. बायकांनी तिला उचलून पडवीत नेले, तोंडावर पाणी शिंपडले, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासले, तेव्हा अंगात रक्त फारच कमी असल्याचे निघाले. मग हळूहळू सारी हकीकत बाहेर आली. तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. पाहुण्यांपैकी कोणी तरी जाता-जाता "मुलगी अंगाने जरा भरलेली आहे," एवढे बोलून गेले होते. त्या दिवसापासून सकाळी कोरा चहा, दुपारी काकडी आणि रात्री अर्धी भाकरी एवढ्यावर ती दोन महिने राहिली होती, आणि त्याच अंगाने रोज कापूस वेचावयास जात होती. घरात कोणी विचारले, तर "उपास आहे" असे सांगत असे.

ह्यात आमचाही दोष आहे, आणि तो झाकून ठेवणे बरे नव्हे. ह्या प्रसंगाच्या आधी दोन आठवडे स्त्रियांच्या सभेत उपवासाविषयी बोलताना आम्ही त्याच मुलीकडे बोट दाखवून तिच्या आत्मसंयमाची सर्वांसमक्ष वाखाणणी केली होती. तिने मान खाली घातली. तो तिचा विनय आहे, असे आम्हांस वाटले. पुढे ती अंथरुणावर असता आम्ही भेटावयास गेलो आणि तिची क्षमा मागितली. तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी वाखाणलेत, तेव्हा वाटले, देवालाही हे आवडत असेल."

हे शब्द आमच्या मनातून जात नाहीत. देवाला काय आवडते, हे शिकविण्याचे काम ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच ह्या मुलीला चुकीचे शिकविले होते. म्हणून ख्रिस्ती मनुष्याने आपल्या देहाचे पोषण कसे करावे, ह्याचा विचार शास्त्राच्या आधाराने करण्याचे आम्ही योजिले आहे.

१. देह हा शत्रू नव्हे

पवित्र शास्त्राच्या आरंभीच एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. एदेन बागेत देवाने मनुष्यास खाण्याविषयी जी आज्ञा केली तिचा पूर्वार्ध परवानगीचा आहे आणि उत्तरार्ध मनाईचा आहे (उत्पत्ती २:१६-१७). बागेतील झाडांची फळे खुशाल खा, हे प्रथम. एका झाडाचे खाऊ नको, हे नंतर. आपण मात्र अन्नाचा विचार मनाईपासूनच सुरू करतो. काय टाळावे, किती कमी करावे, कशाची भीती बाळगावी, ह्यांची यादी आपल्याला तोंडपाठ असते; देणाऱ्याचा हात मात्र आठवत नाही.

एलीया संदेष्ट्याचेच पाहा. ईजबेलीच्या धाकाने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. अशा वेळी त्याला उपदेशाची गरज आहे, असे आपण म्हटले असते. परंतु देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. त्याने त्याला झोपू दिले, जागे केले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे त्याच्यापुढे ठेवले; पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खावयास लावले, कारण पुढची वाट मोठी होती. होरेब डोंगरावरची मंद वाणी त्याने ऐकली, ती हे जेवण झाल्यावर. थकलेल्या आणि उपाशी देहाला देवाने दोष दिला नाही, अन्न दिले.

याईराच्या मुलीची गोष्टही तशीच आहे. बारा वर्षांची मेलेली मुलगी उठून चालू लागली, तेव्हा घरातली माणसे आश्चर्याने थक्क झाली. त्या गडबडीत मुलीला भूक लागली असेल, हे एकट्या प्रभूला सुचले. तिला काही खावयास द्या, असे त्याने सांगितले. ज्याच्या शब्दाने मेलेले उठतात, त्याला एका मुलीचे जेवण क्षुल्लक वाटले नाही. आमच्या मंडळीतील मुलगी खाली कोसळली, तेव्हा आम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली, परंतु "हिने सकाळपासून काय खाल्ले?" असे एकानेही विचारले नाही. हा आपल्यात आणि प्रभूत केवढा फरक!

शिवू नका, चाखू नका, अशा नियमांना ज्ञानाचे व नम्रतेचे रूप असते, देहाला कष्ट दिल्याने ते पवित्र दिसतात, परंतु वासनेला आवर घालण्याच्या कामी ते निरुपयोगी ठरतात, असे पौलाने कलस्सै येथील मंडळीला लिहिले (कलस्सै २:२०-२३). इफिस येथील मंडळीला तो सांगतो की, कोणीही आपल्या देहाचा द्वेष करीत नाही, उलट त्याचे पालनपोषण करतो. आणि ह्या साध्या गोष्टीची तुलना तो ख्रिस्ताच्या मंडळीवरील प्रीतीशी करतो (इफिस ५:२९). देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हे आपण नेहमी ऐकतो. मंदिर हे प्रदर्शनासाठी नसते हे खरे. तसेच ते पाडून टाकण्यासाठीही नसते. त्याची निगा राखावयाची असते.

२. मान्ना कसे मोजले गेले

रानात इस्राएल लोकांना देवाने मान्ना दिले, तेव्हा त्याबरोबर मापही दिले. माणशी एक ओमर, असा तो हिशोब होता. कोणी जास्त गोळा केले, कोणी कमी. पण मापून पाहिले, तेव्हा ज्याने पुष्कळ आणले त्याचे उरले नाही आणि ज्याने थोडे आणले त्याला कमी पडले नाही. प्रत्येकाला त्याच्या गरजेपुरते मिळाले. ज्यांनी उद्यासाठी दडवून ठेवले, त्यांच्या साठ्यात किडे पडले. ह्या वृत्तांतात दोन पापांना एकदमच आळा घातलेला आहे : हावरेपणाने साठवणे हे एक, आणि दुसऱ्याला अपुरे राहू देणे हे दुसरे.

येथे गरज हा शब्द महत्त्वाचा आहे. गरज आरशात दिसत नाही. ती ज्याच्या त्याच्या वयावर, कामावर व प्रकृतीवर ठरते. आपल्या देशात अन्नाच्या गरजेचा अभ्यास फार वर्षांपासून चालू आहे. १९१८ मध्ये कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन ह्यांनी बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी जे लहानसे काम आरंभिले, त्यातूनच आज हैदराबाद येथे असलेली राष्ट्रीय पोषण संस्था वाढली. तेथील तज्ज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापांप्रमाणे, बसून काम करणाऱ्या मध्यम शरीराच्या स्त्रीला दिवसाला सुमारे १,६६० किलोकॅलरी इतकी शक्ती अन्नातून मिळावी लागते. घरचे व बाहेरचे मध्यम श्रम करणारीला २,१३०. आणि शेतात, बांधकामावर अंगमेहनत करणारीला २,७२०. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईस पहिले सहा महिने ह्यावर आणखी ६०० लागतात.

हे आकडे पाठ करावे म्हणून आम्ही दिलेले नाहीत. ताटापुढे बसून आकडे मोजीत राहणे हेही एक प्रकारचे दास्यच होय. परंतु ह्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. शहरात खुर्चीवर बसणाऱ्या एखाद्या बाईने भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आपला आहार दाखवावा आणि खुरपणीला जाणाऱ्या आमच्या मुलीने तो उचलावा, ह्यात शहाणपण नाही. एकीचे माप दुसरीला लागू पडत नाही. देवाने माणशी माप दिले, ते माणसामाणसाची गरज ओळखून दिले.

३. उपासमार मनुष्याचे काय करते

ज्यांना उपासमार ठाऊक होती, त्यांनी कधी तिची थोरवी गायिली नाही. पंडिता रमाबाईंनी १८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत आपले आईवडील व थोरली बहीण गमावली होती. भुकेने माणसाचे काय होते, हे त्यांनी स्वतःच्या देहावर सोसले होते. म्हणून १८९७ मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याचे कळताच त्या तेथे गेल्या आणि शेकडो मुली व विधवा ह्यांस त्यांनी आपल्याकडे आणिले. केडगाव येथील मुक्ती सदनात त्यांना आसरा मिळाला. आपल्यातील वडीलधाऱ्यांस १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. खडी फोडावयास जाणे आणि सुकडीसाठी रांग लावणे, हे ज्यांनी केले, त्यांना नातीने आपल्या हाताने ताट बाजूला सारावे ह्याचा अर्थच कळत नाही.

उपासमारीचा परिणाम शास्त्रीय रीतीने पाहण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली झाला. त्या वेळी महायुद्धाने युरोपात लाखो लोक उपाशी होते आणि युद्ध संपल्यावर त्यांना कसे जेवू घालावे, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. अ‍ॅन्सेल कीज ह्या शास्त्रज्ञाने त्यासाठी ३६ निरोगी तरुण निवडले. हे तरुण सदसद्विवेकबुद्धीस अनुसरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले होते. त्यांतील पुष्कळ जण ब्रदरन, मेनोनाइट व क्वेकर ह्या शांतिवादी मंडळ्यांतले होते. आपण कोणाला मारणार नाही, परंतु उपाशी लोकांसाठी स्वतः उपाशी राहू, असे म्हणून ते आपण होऊन पुढे आले.

सहा महिने त्यांना निम्म्या पोटी ठेविले. दिवसाला सुमारे १,५७० किलोकॅलरी, म्हणजे बटाटे, सलगमासारखे कंद, काळा पाव आणि शेवयांसारखे पदार्थ. आठवड्याला २२ मैल चालण्याचा त्यांचा नेम होता. वजन चौथ्या हिश्श्याने उतरले. परंतु वजनापेक्षाही मनाचे जे झाले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हे सुशिक्षित, प्रार्थनाशील तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. ते पाकशास्त्राची पुस्तके वाचीत बसत, थाळ्या चाटून पुसून काढीत, एक घास तासभर पुरवीत. स्वभाव चिडखोर झाला, मित्रांत मिसळणे नकोसे झाले, उन्हाळ्यातही अंगाला थंडी वाजू लागली, केस गळू लागले. पुढे पुरेसे अन्न देऊ लागल्यावरही कित्येकांची भूक आठवडेच्या आठवडे शमेना. पोट तुडुंब भरले तरी खाण्याची इच्छा राहिली. ह्या कामाचा वृत्तांत १९५० मध्ये दोन मोठ्या खंडांत प्रसिद्ध झाला आणि आजही वैद्य लोक त्याचा आधार घेतात.

ह्यांत आपणांस दोन बोध आहेत. पहिला असा की, देहाला गरजेपेक्षा फार कमी दिले, तर मन अन्नापासून मुक्त होत नाही, उलट अन्नाचे कैदी बनते. जे अन्नाला जिंकावे म्हणून उपाशी राहतात, त्यांच्यावर अन्नच राज्य करते. महिनाभर पोट मारून उतरविलेले वजन पुढे दुप्पट हावेने परत येते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. त्यात त्यांच्या इच्छाशक्तीचा दोष नसून, दुष्काळातून वाचावे म्हणून देवाने देहात जी योजना ठेविली आहे, तिचेच ते काम होय. दुष्काळ आभाळाने पाडला की आपण होऊन पाडला, हे देहाला कळत नाही. तो आपला जीव वाचवू पाहतो.

दुसरा बोध ह्याहून खोल आहे. त्या ३६ तरुणांनी भूक सोसली, ती दुसऱ्यांना भाकर मिळावी म्हणून. आपली मुले-मुली भूक सोसतात, ती कोणासाठी?

४. उपवास आणि उपासमार

येथे कोणी विचारील, "मग उपवास करूच नये की काय?" तसे आमचे म्हणणे नाही. प्रभूने उपवास केला आणि उपवास कसा करावा हेही शिकविले. परंतु त्याने जी शिकवण दिली तिचा रोख दुसऱ्याच गोष्टीवर आहे. उपवास करताना तोंड उतरवून बसू नये, केसांना तेल लावावे, तोंड धुवावे, म्हणजे तो लोकांस दिसू नये (मत्तय ६:१६-१८). लोकांस दिसण्यासाठी केलेल्या उपवासाचे फळ माणसाच्या शाबासकीतच संपते. आता विचार करावा की, अंग बारीक दिसावे म्हणून केलेला उपवास हा पूर्णपणे लोकांस दिसण्यासाठीच केलेला नाही काय?

देवाला कोणता उपवास आवडतो, हे यशया संदेष्ट्याने स्पष्ट केले आहे : अन्यायाच्या बेड्या तोडणे, उपाशी माणसाला आपल्या भाकरीतील वाटा देणे, निराश्रिताला घरात घेणे (यशया ५८:६-७). म्हणजे खऱ्या उपवासात एकाच्या ताटातून जे कमी होते, ते दुसऱ्याच्या ताटात जाते. ज्या उपवासाने कोणाचेच ताट भरत नाही, त्याला काय म्हणावे?

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. दानीएल व त्याचे सोबती ह्यांनी बाबेलात दहा दिवस शाकभाजी व पाणी घेतले, त्या गोष्टीचा दाखला देऊन वजन उतरविण्याचे मार्ग हल्ली शिकविले जातात. परंतु दानीएलाचा पहिला अध्याय नीट वाचावा. त्यांनी राजाचे अन्न टाळले, ते आपण भ्रष्ट होऊ नये म्हणून. त्यांच्या निष्ठेचा तो प्रश्न होता. आणि दहा दिवसांनी काय दिसून आले? ते इतरांपेक्षा अंगाने अधिक भरलेले व तेजस्वी दिसू लागले होते (दानीएल १:१५). बारीक होण्याच्या वेडाला ह्या अध्यायात काडीचाही आधार नाही.

गर्भवती, पाजणाऱ्या आया, वाढत्या वयाची मुले, रक्त कमी असलेल्या स्त्रिया आणि मधुमेहाचे औषध घेणारे रोगी ह्यांनी अन्न वर्ज्य करून उपवास करू नये. लेंटाच्या दिवसांत त्यांनी दुसरे काही सोडावे : एखादी कटू सवय, एखादे जुने वैर, रात्रीचे जागरण. पाळकांनी हे वेदीवरून स्पष्ट सांगावे, म्हणजे दुबळ्यांच्या मनाला टोचणी लागणार नाही.

५. आपले ताट, आपले घर

आता घरच्या ताटाकडे येऊ. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत अन्नाची जी विनंती आहे, तिच्या मराठी भाषांतरात "भाकर" हा शब्द योजिला आहे. आपल्या पूर्वजांच्या जेवणाचाच तो शब्द आहे. कोणतेही दूरदेशीचे अन्न मागावयाचे नाही. आपल्या शेतात जे पिकते, त्याचाच आशीर्वाद मागावयाचा आहे.

ज्वारी, बाजरी, नाचणी ही गरिबाची धान्ये म्हणून मागे पडली आणि पांढरा तांदूळ व मैदा ही मानाची झाली. परंतु २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळिले, ते उगीच नव्हे. नाचणीत हाडांना लागणारा चुना तांदळाच्या अनेक पटींनी असतो. धान्य फार पांढरे करण्याच्या हव्यासाने काय होते, हे जावा बेटात आइकमान ह्या डच वैद्याला १८९० नंतरच्या दशकात दिसून आले : सडलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेविलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले आणि कोंड्यासकट तांदूळ देताच त्या बऱ्या झाल्या. ह्या शोधाबद्दल त्याला १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. दिसण्यासाठी जे आपण काढून टाकतो, त्यातच पुष्कळदा जीव असतो.

भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ असावी. धान्यात प्रथिनांचा जो अंश कमी असतो तो डाळीत असतो, आणि डाळीत जो कमी असतो तो धान्यात. म्हणून दोन्ही एका ताटात आली की अन्न पूर्ण होते. मोड आलेली मटकी, हुलगे, शेंगदाण्याची चटणी, ताक, परवडेल तेव्हा अंडे, कोकणात सुकट-बोंबील, हे सारे उत्तम. परसातला शेवग्याचा पाला, माठ, चाकवत, तांदुळजा ह्या भाज्यांना पैसे पडत नाहीत. पालेभाजीवर लिंबू पिळले, तर तिच्यातील लोह अधिक अंगी लागते. आणि जेवणावर लगेच चहा घेतला, तर ते कमी लागते. म्हणून चहा जेवणानंतर तास-दोन तासांनी घ्यावा. भूक मारण्यासाठी मशेरी लावणे किंवा तंबाखू चघळणे हा तर देहाशी उघड दगा आहे. भूक मरत नाही, माणूस मात्र झिजतो.

परंतु ताटात काय आहे ह्यापेक्षा ताट कोणाचे आहे, हा प्रश्न मोठा आहे. २०१९–२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. ह्याला बाळंतपण, जंत, मासिक पाळी अशी अनेक कारणे आहेत. तथापि एक कारण आपल्या स्वयंपाकघरातच बसलेले आहे. पुरुष प्रथम जेवतात, मग मुलगे, मग सासरा-सासू, आणि सर्वांचे झाल्यावर सून उरलेसुरले खाते. टोपल्यातील भाकऱ्या संपल्या असतील, तर "मला भूकच नव्हती," असे म्हणून पाणी पिते. ज्या घरात आई असे म्हणते, त्या घरातील मुलगी कमी खाणे हाच स्त्रीचा गुण असे शिकते. मग कोणी पाहुण्याने एक शब्द टाकला की, तिचा तोल जावयास कितीसा वेळ लागणार?

करिंथ येथील मंडळीत हेच चालले होते. प्रभुभोजनासाठी एकत्र जमून काही जण आधीच खाऊन घेत आणि काही उपाशी राहत. पौलाने ह्याला लहानसा शिष्टाचाराचा दोष मानिला नाही; हे देवाच्या मंडळीला तुच्छ लेखणे आहे, असे त्याने म्हटले. आणि त्यावर त्याने जो उपाय सांगितला तो किती साधा आहे! जेवावयास जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा (१ करिंथ ११:३३). आम्ही आमच्या ख्रिस्ती बांधवांस विनंती करतो की, ही आज्ञा केवळ मंदिरात पाळू नये, घरीही पाळावी. चुलीपुढची बाई येऊन बसेपर्यंत घरच्या कर्त्या पुरुषाने पहिला घास घेऊ नये. सगळ्यांची ताटे एकदम वाढावी आणि मग उपकारस्तुती करावी. ज्या ताटावर भाकरीच नाही, त्यावर उपकारस्तुती कशी करावयाची?

६. दोन सूचना

हे वाचून कोणी असे समजू नये की, हवे तितके व हवे ते खावे, असे आम्ही सांगत आहोत. मध सापडला तर पुरेल इतकाच खावा, नाही तर ओकारी येईल, असे नीतिसूत्रांत सांगितले आहे (नीतिसूत्रे २५:१६). दुकानातील पुड्यांतले तळलेले खारे पदार्थ, रंगीत गोड पाणी, दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा, हे गरजेपुरते मान्ना नव्हे. भूक लागली असता खावे, तृप्ती झाली की थांबावे, सावकाश व सोबतीने जेवावे, अंग हालवावे, रात्री वेळेवर निजावे. ह्या साध्या वळणाने देहाचा जो आकार राहील, तो देवाने दिलेला आहे असे समजून स्वीकारावा. सगळ्यांची हाडे एका साच्यातली नसतात.

दुसरे असे की, मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यास वैद्याने जे पथ्य सांगितले असेल, ते त्याने श्रद्धेने पाळावे. तेही देहाचे पोषणच आहे, कारण त्याचा हेतू जीव राखणे हा आहे. आणि ज्याला जेवण्याचीच भीती वाटू लागली आहे, जो चोरून उपाशी राहतो किंवा खाल्लेले मुद्दाम ओकून टाकतो, त्याला दोष न देता प्रेमाने डॉक्टरकडे न्यावे. हा एक आजार आहे, त्याला उपचार आहेत, आणि केवळ उपदेशाने तो बरा होत नाही.

वाचकहो, ती मुलगी आता पुष्कळ बरी आहे. आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या ती घेते. तिच्या घरी एक बदल झाला आहे : तिचे वडील तिच्यासाठी थांबतात. मळ्यातून येऊन हातपाय धुतात आणि "ती येऊ दे," असे म्हणून ताटापाशी बसून राहतात. गेल्या महिन्यात आम्ही तेथे जेवावयास होतो, तेव्हा आम्हांसही थांबावे लागले. ती आली, बसली, आणि बापाने आपल्या हाताने तिच्या ताटात अख्खी भाकरी वाढली. तिने ती मोडली. मग आम्ही प्रार्थना केली.

विचारासाठी प्रश्न

१. एलीया खचलेला असता देवाने त्याला प्रथम काय दिले? आपल्या मंडळीत आजारी व खचलेल्या माणसास आपण प्रथम काय देतो?

२. आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? त्या व्यक्तीच्या ताटात काय उरते, हे ह्या आठवड्यात पाहून ठेवा.

३. कोणाच्या अंगाविषयी, जाड किंवा बारीक म्हणून, आपण थट्टेने अथवा कौतुकाने काही बोललो आहोत काय? त्याची क्षमा मागावयाची असल्यास केव्हा मागाल?

४. यशयाने सांगितलेला उपवास आपल्या मंडळीला एक दिवस करावयाचा असेल, तर त्या दिवशी वाचलेली भाकर कोणाच्या घरी जाईल?